म्हापशाहून आणलेलं दार

दार जुनंच घेतलं. म्हापशाला, बाजाराच्या मागे
पाडलेल्या घरांची दारं एकमेकांना टेकवून ठेवतात,
तिथून. अस्सल साग, म्हणाला विकणारा,
आणि भोकांवर तळवा ठेवून उभा राहिला.

डिचोलीला टेम्पोतून उतरवल्यावर मोजली.
एकतीस.
चार पाटीची: नाव गेलेलं, कोपरे राहिलेले.
कुलपांची एकावर एक, कुठलं आधीचं कळू नये अशी.
बिजागऱ्यांची दोन्ही बाजूंना, म्हणजे हे दार
कधीतरी डावं होतं, मग उजवं झालं.
आणि आतल्या बाजूला, अगदी खाली,
माझ्या गुडघ्याशी,
एका कडीची चार.

इतक्या खाली कोण कडी लावतं?
लहान मूल असेल घरात, मी म्हटलं.
कोंबड्या, म्हणाला सगुण मेस्त,
आणि पेन्सिल कानावर खोचली.

मला वाटलेलं लांबी भरेल, रंग मारेल, संपलं.
त्यानं गिरमिट काढलं.
"आदीं व्हड करचो पडटा बुराक, मागीर भरप."
गंजानं काळं पडलेलं, भुसभुशीत झालेलं
सगळं खरवडून काढलं, ताजं लाकूड दिसेपर्यंत.
लांबीला दारासारखं फुगता येत नाही, म्हणाला,
पावसाळ्यात ती एकटी पडते.
आमची चौकट बुटकी, म्हणून दार खालून दोन बोटं कापलेलं;
त्याच पट्टीतून गुल्ल्या काढल्या. दाराचं दारालाच.
एकेक गुल्ली फिरवून फिरवून बघायचा
रेषेला रेष मिळेपर्यंत,
मग सरस, मग लाकडी हातोडीचे दोन ठोके,
तिसरा नाही.

दुपारी दादा येऊन बसला हत्यारांपाशी.
बावीस वर्षं खाणीवर ट्रक चालवला त्यानं,
साखळी ते आमोणे, भुवयांपर्यंत लाल.
खाण बंद झाली, ट्रक विकला,
हे त्याला दिवसातून तीनदा सांगावं लागतं
आणि तिन्ही वेळा तो पहिल्यांदाच ऐकतो.
पहाटे चारला उठतो, लाईनीत नंबर लावायला.
परवा व्हाळशीजवळ सापडला, अनवाणी,
रिकाम्या रस्त्याला हात करत होता:
येऊ दे, येऊ दे, अजून थोडं मागे.

कडी कुठं लावू? सगुणनं विचारलं. छातीशी?
मी खाली बोट दाखवलं.
त्यानं दादाकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत,
फळी निवडताना पाहतात तसं.
दादाचे हात दारावर वरच्या वर फिरतात,
कुलूप, साखळी, बोल्ट, काहीही उघडतात.
वाकून बघायचं तेवढं सुचत नाही.
सरस सुकू दे, म्हणाला मेस्त. उद्या येतो.

दुसऱ्या दिवशी त्याच चार गुल्ल्यांच्या मधोमध
बारीक ड्रिल चालवलं, स्क्रूला साबण लावला,
पिळत गेला.
जुन्या भोकात स्क्रू नुसता फिरत राहतो, म्हणाला.
पैसे मोजून घेतले, चहा अर्धाच प्याला.
पायरीवरून मागे वळून म्हणाला,
कोंबड्या नव्हत्या.

आता चारला मलाही जाग येते.
लाकडावर तळवा फिरल्याचा आवाज.
पॉलिश झाल्यापासून दिवसाउजेडी मला
सगळी भोकं सापडत नाहीत,
त्याला अंधारात सापडतात.
"इथं काहीतरी होतं," म्हणतो.
होतं, मी म्हणते, अंथरुणातूनच.
"आणि इथंही."
हो.
एकतिसापर्यंत तो कधी पोचत नाही.
तोवर कोपऱ्यावर पोदेराचा हॉर्न वाजतो,
मी उठते, पावाची पिशवी घेते,
आणि खाली बसून कडी काढते
त्याच्याकडे पाठ करून,
हात दिसू नये म्हणून.